गट पाडले, पण गटात कोण आलं?

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं : आर भाषा

या वेळी आर या सांख्यिकी भाषेविषयीचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. विषय सगळ्यांचा एकच आहे : माहितीचे गट पाडून प्रत्येक गटाची बेरीज, सरासरी, टक्केवारी काढणं. फंक्शनची आणि कॉलमची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती इंग्रजी लिपीत टाइप करायची, आकडेही इंग्रजीच.

प्रश्न : लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला आणि चांदवड इथले कांद्याचे रोजचे भाव आणि आवक मी एका फाइलमध्ये भरतो. ग्रुप_बाय (गट पाडणारं फंक्शन) आणि समराइज (प्रत्येक गटाचा सारांश काढणारं) वापरून प्रत्येक बाजाराची महिन्याची सरासरी काढली. गावातल्या एका व्यापाऱ्याने वहीत काढलेली सरासरी मात्र माझ्यापेक्षा बरीच कमी येते. चूक कोणाची?
— एक वाचक, निफाड

उत्तर : गणित दोघांचंही बरोबर असेल, पण दोघांनी काढलेली गोष्ट एक नाही. तुमचं मीन(भाव) प्रत्येक दिवसाला सारखंच वजन देतं. ज्या दिवशी पाचशे क्विंटल कांदा आला तो दिवस आणि ज्या दिवशी तीन हजार क्विंटल आला तो दिवस, दोन्ही त्याच्या लेखी सारखे. व्यापारी मात्र एकूण दिलेले पैसे भागिले एकूण घेतलेला माल असा हिशेब धरतो. शेतकऱ्याच्या दृष्टीनेही तोच खरा, कारण माल ज्या दिवशी जास्त विकला गेला त्या दिवसाचा भाव जास्त लोकांच्या हातात पडला.

तीन दिवसांचे आकडे घेऊ. पहिल्या दिवशी आवक १,००० क्विंटल, भाव १,८०० रुपये. दुसऱ्या दिवशी ३,००० क्विंटल, भाव १,५००. तिसऱ्या दिवशी ५०० क्विंटल, भाव २,४००. साधी सरासरी ५,७०० भागिले ३, म्हणजे १,९०० रुपये. भारित सरासरी काढायची तर १८ लाख, ४५ लाख आणि १२ लाख मिळून ७५ लाख रुपये, भागिले ४,५०० क्विंटल : १,६६७ रुपये. क्विंटलमागे २३३ रुपयांचा फरक पडला. आवक वाढली की भाव उतरतो, त्यामुळे कांद्यात साधी सरासरी बहुधा वरच राहते.

आरमध्ये डीप्लायर पॅकेज (जोडून घ्यायचा फंक्शनांचा संच) लोड करून हे असं लिहा :

कांदा |>
  ग्रुप_बाय(बाजार, जात, महिना) |>
  समराइज(
    दिवस = एन(),
    साधा_भाव = मीन(भाव),
    भारित_भाव = वेटेड.मीन(भाव, आवक),
    एकूण_आवक = सम(आवक),
    .ग्रुप्स = "ड्रॉप"
  )

यात जात हा कॉलम मुद्दाम घातला आहे. लाल कांदा आणि उन्हाळ कांदा काही आठवडे एकाच बाजारात एकाच वेळी येतात, आणि दोघांचा भाव एकत्र करून निघालेला आकडा कुठल्याच कांद्याचा नसतो.

आता क्रमाकडे नीट बघा. एकूण_आवक शेवटी आहे आणि तिचं नाव वेगळं आहे. समराइजमध्ये वरच्या ओळीत तयार झालेला कॉलम खालच्या ओळींना लगेच दिसतो. कुणी पहिल्याच ओळीत आवक = सम(आवक) असं जुनंच नाव पुन्हा वापरलं, तर खालच्या ओळीतली आवक ही रोजची आवक राहत नाही, ती एकच बेरीज होऊन बसते. वेटेड.मीन वापरलं असेल तर निदान एरर येते, कारण भाव तीन आणि वजन एक. पण भारित सरासरी सम(भाव * आवक) / सम(आवक) अशी हाताने लिहिली असेल तर एरर येत नाही, नुसता चुकीचा आकडा येतो. वरच्या उदाहरणात प्रत्येक भावाला ४,५०० ने गुणलं जातं, मग बेरजेला ४,५०० ने भागलं जातं, आणि उत्तर ५,७०० रुपये. ती तीन भावांची नुसती बेरीज आहे. हाच प्रकार भाव = मीन(भाव) लिहून खाली एसडी(भाव) काढताना होतो : एकाच आकड्याचं प्रमाण विचलन निघत नाही, म्हणून सगळ्या गटांत एनए (आकडा उपलब्ध नाही, अशी आरची खूण) दिसतं. सारांशाच्या कॉलमला नेहमी नवं नाव द्यायचं, एवढं केलं की हा धोका टळतो.

आणखी दोन गोष्टी तुमच्या फाइलमध्ये तपासा. लिलाव बंद असलेल्या दिवशी भावाच्या रकान्यात शून्य भरलं असेल, तर साधी सरासरी खाली ओढली जाते. तो दिवस काढून टाका, किंवा भाव कोरा ठेवून दोन्ही सरासऱ्यांत एनए.आरएम = ट्रू (कोऱ्या जागा वगळा) लिहा. दुसरी गोष्ट कोऱ्या आवकेची. वेटेड.मीनमध्ये एनए.आरएम = ट्रू लिहिलं तरी ते फक्त भावातल्या कोऱ्या जागा वगळतं. वजनाचीच जागा कोरी असेल तर उत्तर एनए येतं. अशा ओळी गट पाडण्याआधीच फिल्टरने बाजूला काढा, आणि त्या किती होत्या हे मोजून ठेवा.

बाजार समितीच्या पत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव असतात. वजन देऊन सरासरी काढायची ती सर्वसाधारण भावाची. किमान आणि कमाल यांची अर्धी बेरीज घेऊ नका. एखादी खराब ट्रॉली ३०० रुपयांना गेली म्हणून त्या दिवसाचा बाजार तेवढा उतरलेला नसतो.

प्रश्न : पंधरा तालुक्यांच्या पावसाची रोजची नोंद माझ्याकडे आहे. तालुक्यानुसार जूनची बेरीज काढली तर पंधराऐवजी बावीस ओळी आल्या. शिवाय पेठचा जूनचा पाऊस शून्य दिसतो, हे शक्यच नाही.
— एक शिक्षिका, सिन्नर

उत्तर : यात दोन वेगवेगळी दुखणी आहेत. दुसरं जास्त गंभीर आहे, म्हणून तेच आधी.

पेठ म्हणजे घाटमाथ्याचा, नाशिक जिल्ह्यातल्या सगळ्यांत पावसाळी तालुक्यांपैकी एक. तिथे शून्य दिसतो याचा अर्थ बहुतेक असा की त्या महिन्याची नोंदच फाइलमध्ये नाही. तुम्ही सम(पाऊस, एनए.आरएम = ट्रू) लिहिलं असणार. आर कोऱ्या जागा वगळतं, सगळ्याच जागा कोऱ्या असतील तर काहीच उरत नाही, आणि काहीच नसलेल्याची बेरीज शून्य. गणिताच्या नियमाने ते बरोबर आहे, पावसाच्या तक्त्यात मात्र ते घातक. त्याच गटावर मीन लावलं तर एनएएन (हा आकडाच नव्हे, अशी खूण) येतं, मॅक्स लावलं तर वजा अनंत आणि सोबत वॉर्निंग. म्हणजे ही दोघं निदान ओरडतात, बेरीज गप्प राहते.

उपाय म्हणजे बेरजेच्या शेजारी दोन मोजण्या ठेवणं : ओळी = एन() आणि नोंद_झालेले = सम(!इज.एनए(पाऊस)). जूनमध्ये तीस ओळी आणि शून्य नोंदी दिसल्या की पेठचा शून्य खरा नाही हे लगेच कळेल. मग इफ_एल्स लावून ठरवा : पंचवीसपेक्षा कमी दिवसांची नोंद असेल तर बेरीज एनए दाखवायची. पंचवीस हा आकडा दगडावरची रेघ नाही. तुमच्या कामाला किती कसर चालेल त्यावर तो ठरवा, पण तक्त्याखाली लिहून ठेवा.

आता बावीस ओळी. तालुका कॉलमवर काउंट चालवा आणि यादी डोळ्यांनी वाचा. चार प्रकार सापडतील. एक, दोन नावांचा एकच तालुका : बागलाण आणि सटाणा, त्र्यंबक आणि त्र्यंबकेश्वर. दोन, नावापुढे राहिलेली मोकळी जागा. "निफाड" आणि "निफाड " हे आरसाठी दोन तालुके. ट्रिमडब्ल्यूएस साधी मोकळी जागा काढतं, पण वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात जी न तुटणारी मोकळी जागा येते ती त्याच्या मूळ सेटिंगमध्ये निघत नाही. स्ट्रिंगर पॅकेजमधलं एसटीआर_स्क्विश तीही काढतं. तीन, पत्रकाच्या तळाची "एकूण" ही ओळ. ती तालुका म्हणून आत शिरली की जिल्ह्याची बेरीज दुप्पट होते.

चौथा प्रकार मराठीचा खास. अक्षर पडद्यावर सारखं दिसतं आणि आत साठवलेलं वेगळं असतं. ऱ हे अक्षर एकाच खुणेने लिहिता येतं, किंवा र आणि खाली नुक्ता अशा दोन खुणांनी. स्ट्रिंगाय पॅकेजमधलं एसटीआरआय_ट्रान्स_एनएफसी हे दोन्ही एकाच रूपात आणतं. पण जुन्या कीबोर्डवर अर्धा र न दिसणाऱ्या जोडखुणेने लिहिलेला असेल, तर तो त्यानेही जुळत नाही. म्हणून सगळ्यांत खात्रीचा मार्ग जुनाच : दोन कॉलमांची एक छोटी फाइल करा, डावीकडे सापडलेलं प्रत्येक रूप, उजवीकडे ठरवलेलं एक नाव. लेफ्ट_जॉइनने ती जोडा. ज्या ओळीला जोड मिळाली नाही तिथे एनए येईल. अशी एकही ओळ उरत नाही तोपर्यंत पुढे जाऊ नका.

महसूल मंडळांची नोंद वापरत असाल तर क्रम सांभाळा. आधी तालुका आणि तारीख यांचा गट करून मंडळांची त्या दिवसाची सरासरी काढायची, मग तालुका आणि महिना यांचा गट करून दिवसांची बेरीज. थेट सगळ्या मंडळांची बेरीज केली तर ज्या तालुक्यात मंडळं जास्त तिथे पाऊस जास्त, असा भलताच निष्कर्ष निघेल. तारखेचंही भान ठेवा : पावसाची नोंद सकाळी साडेआठला, मागच्या चोवीस तासांची होते. १ जुलैच्या नोंदीतला बहुतेक पाऊस ३० जूनला पडलेला असतो. हवामान खात्याच्या पद्धतीत तो १ जुलैलाच मोजतात. तुम्हीही तसंच ठेवा, नाहीतर तुमचे आकडे कुणाशीच जुळणार नाहीत. पावसाचे दिवस मोजणार असाल तर २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झालेला दिवसच धरतात, त्यामुळे सम(पाऊस >= २.५, एनए.आरएम = ट्रू) लिहा.

प्रश्न : दूध संकलनाच्या फाइलवर अ‍ॅग्रीगेट चालवून प्रत्येक उत्पादकाचे लिटर आणि फॅट काढतो. काही जणांचे लिटर वहीपेक्षा कमी येतात. वॉर्निंग काहीच येत नाही.
— एक वाचक, सिन्नर तालुका

उत्तर : तुम्ही सीबाइंड(लिटर, फॅट) ~ उत्पादक या पद्धतीने लिहिलं असेल तर कारण तिथेच आहे. अ‍ॅग्रीगेटची ही सूत्राची पद्धत सुरुवातीलाच एनए.ओमिट लावते. ज्या ओळीत सूत्रातला एकही कॉलम कोरा असेल ती अख्खी ओळ जाते. एखाद्या सकाळी फॅट तपासायचं राहिलं, तर त्या सकाळचं दूधही बेरजेतून गेलं. उत्पादकाच्या बिलाला थेट कात्री.

अ‍ॅग्रीगेटमध्ये एनए.अ‍ॅक्शन = एनए.पास लिहा आणि सोबत एनए.आरएम = ट्रू द्या, म्हणजे प्रत्येक कॉलममधली कोरी जागा त्या कॉलमपुरतीच वगळली जाईल. तरीही फॅटची साधी सरासरी काढू नका. सकाळचे १० लिटर ३.५ फॅटचे आणि संध्याकाळचे ४ लिटर ४.५ फॅटचे असतील तर साधी सरासरी ४.० येते, खरी ३.७९. वरच्या कांद्याच्या उत्तरातली भारित सरासरी इथे लिटरचं वजन देऊन लावा.

उत्पादकाचा क्रमांकच कोरा असेल, तर अ‍ॅग्रीगेट ती ओळ गटात घेतच नाही, एनए.पास लिहूनही. ग्रुप_बाय मात्र एनए नावाचा वेगळा गट दाखवतं. हिशेबाच्या कामात दुसरी पद्धत बरी, कारण बेवारस दूध किती हे समोर दिसतं. क्रमांक ००७ असे लिहायची पद्धत असेल तर फाइल वाचतानाच तो कॉलम कॅरेक्टर म्हणून वाचा (कोलक्लासेस वापरून), नाहीतर आर त्याचा ७ करून टाकतं.

दर महिन्याची एक तपासणी सवयीने करा : गटांच्या लिटरची बेरीज आणि मूळ फाइलच्या लिटरची बेरीज. दोन्ही शेवटच्या पॉइंटपर्यंत जुळल्या पाहिजेत.

प्रश्न : अंबडच्या कारखान्यात मशीन आणि शिफ्टनुसार रिजेक्शनचा रिपोर्ट करतो. माझ्या लॅपटॉपवर बारा ओळी येतात, सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर त्याच कोडने एकच ओळ. आणि टक्केवारीची बेरीज ४०० का येते?
— क्वालिटी विभागातला एक वाचक, नाशिक

उत्तर : सहकाऱ्याच्या संगणकावर डीप्लायरनंतर प्लायर हे जुनं पॅकेज लोड होत असणार. दोन्हींत समराइज नावाचं फंक्शन आहे, शेवटी आलेलं वरचढ ठरतं, आणि प्लायरच्या समराइजला ग्रुप_बायने पाडलेले गट कळत नाहीत. प्लायर उशिरा लोड झालं तर ते स्वतःच तसा इशारा छापतं, पण सुरुवातीच्या मेसेजच्या गर्दीत तो कुणी वाचत नाही. प्लायर आधी लोड करा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे कोडमध्ये डीप्लायर::समराइज असं पूर्ण नाव लिहा.

४०० चं कारण वेगळं. मशीन आणि शिफ्ट असे दोन गट पाडून समराइज केलं की एका ओळीत एक उत्तर येतं आणि शेवटचा गट, म्हणजे शिफ्ट, सुटतो. मशीनचा गट तसाच चिकटून राहतो. मग पुढे म्यूटेट(टक्के = १०० * रिजेक्ट / सम(रिजेक्ट)) लिहिलं की ती बेरीज कारखान्याची नसते, त्या मशीनची असते. तुमच्याकडे चार मशीन आणि तीन शिफ्ट, म्हणून बारा ओळी आणि चार वेळा शंभर. मशीनच्या आत कुठली शिफ्ट जास्त माल बाद करते हे बघायचं असेल तर हे उत्तर बरोबरच आहे. कारखान्याच्या एकूण रिजेक्शनमधला वाटा हवा असेल तर समराइजमध्ये .ग्रुप्स = "ड्रॉप" लिहा. डीप्लायर १.०.० पासून, म्हणजे २०२० पासून, याबद्दल आर एक ओळीचा मेसेज देतं : आउटपुट अजून मशीननुसार गटात आहे. तो मेसेज बंद करू नका, वाचा.

२०२३ च्या १.१.० आवृत्तीपासून समराइजमध्येच .बाय = सी(मशीन, शिफ्ट) लिहायची सोय आहे. त्यात गट त्या एका ओळीपुरता असतो आणि नंतर काहीच चिकटून राहत नाही. नवा रिपोर्ट लिहिणाऱ्यांनी हीच पद्धत उचलावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. फरक एवढाच की ग्रुप_बाय गट क्रमाने लावतं, .बाय मात्र फाइलमध्ये जे आधी भेटेल ते आधी ठेवतं. शेवटी अरेंज लिहा.

रिजेक्शनचा दरही सम(रिजेक्ट) / सम(उत्पादन) असाच काढा. दिवसपाळीत २,००० नगांतले ४० बाद, रात्रपाळीत २०० नगांतले १०. टक्क्यांची सरासरी ३.५ येते, खरा दर २.२७. आणि ज्या शिफ्टमध्ये एखादं मशीन चाललंच नाही ती ओळ तक्त्यात गायब असते. ती शून्य नगांची ओळ म्हणून हवी असेल तर टायडीआरमधलं कंप्लीट वापरा.

प्रश्न : द्राक्षमण्यांच्या व्यासाची वर्गांतर वारंवारता सारणी करायची आहे. वर्ग १४–१६, १६–१८, १८–२०, २०–२२ मिलिमीटर. हाताने केलेली सारणी आणि कट फंक्शनची सारणी जुळत नाही. मध्यकही वेगळा येतो.
— एक विद्यार्थी, दिंडोरी

उत्तर : आपल्या पुस्तकांत वर्गाची वरची मर्यादा त्या वर्गात धरत नाहीत. १६ मिलिमीटरचा मणी १६–१८ मध्ये जातो. कट मात्र न सांगता उलटं करतं : वरची मर्यादा आत, खालची बाहेर. त्याच्या हिशेबात तो मणी १४–१६ मध्ये पडतो. कॅलिपरचं वाचन पूर्ण आकड्यात घेतलेलं असेल तर सीमेवरचे मणी भरपूर असतात आणि सारणी चांगलीच हलते. राइट = फॉल्स लिहा. तसं लिहिल्यावर नेमका २२ चा मणी शेवटच्या वर्गातून बाहेर पडून एनए होतो. त्यासाठी इन्क्लूड.लोएस्ट = ट्रू. नाव "लोएस्ट" असलं तरी राइट = फॉल्स असताना ते सर्वांत वरची मर्यादा आत घेतं. टेबल फंक्शन एनए आपण होऊन दाखवत नाही, त्यात यूजएनए = "इफएनी" लिहा. सारणीची बेरीज मण्यांच्या संख्येइतकी आली पाहिजे.

मध्यकाचं उदाहरण. वारंवारता ८, २२, १५, ५ घेऊ, एकूण ५० मणी. वर्गमध्य १५, १७, १९, २१. सरासरी वेटेड.मीन(मध्य, वारंवारता) : ८८४ भागिले ५०, म्हणजे १७.६८. इथे हात आणि संगणक जुळतात.

मध्यकासाठी पुष्कळ जण रेप(मध्य, टाइम्स = वारंवारता) करून मीडियन लावतात. उत्तर १७ येतं, कारण पंचविसावा आणि सव्विसावा मणी दोन्ही १६–१८ च्या वर्गात आहेत आणि त्या वर्गातल्या सगळ्यांना आपण १७ च ठरवलं आहे. पुस्तकातलं सूत्र वर्गाच्या आत कुठपर्यंत जायचं तेही मोजतं : १६ + ((२५ − ८) ÷ २२) × २ = १७.५५. आरमध्ये कमसमने संचित वारंवारता काढा, २५ किंवा त्याहून मोठी होणारी पहिली जागा विचने शोधा, आणि सूत्र तसंच लिहा. चार ओळींचं काम आहे.

प्रमाण विचलनातही असाच खटका आहे. आरचं एसडी एकूण संख्येतून एक वजा करून भागतं : इथे १.७४. पुस्तकातल्या सूत्रात भागाकार ५० ने आहे : १.७३. नमुन्यावरून साऱ्या बागेचा अंदाज करायचा असेल तर पहिलं, समोरच्या पन्नास मण्यांचंच वर्णन करायचं असेल तर दुसरं. आणि मूळ मोजमापं हाताशी असतील तर सरासरी आणि मध्यक त्यांच्यावरूनच काढा. वर्गांतर सारणीवरून निघालेला आकडा अंदाजच असतो.

प्रश्न : विंडोजवर फाइल उघडल्यावर गावांची नावं कोनी कंसातल्या सांकेतिक आकड्यांसारखी दिसतात.
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : आर ४.२.० किंवा त्यापुढची आवृत्ती घाला (ती २०२२ ची आहे). तिथून पुढे विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांवर आर यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) मध्येच चालतं. एक्सेलमधून फाइल काढताना नुसतं सीएसव्ही निवडू नका, सीएसव्ही यूटीएफ-८ निवडा. मग रीड.सीएसव्हीने वाचताना फाइलएन्कोडिंगमध्ये यूटीएफ-८-बीओएम लिहा, नाहीतर पहिल्या कॉलमच्या नावाला न दिसणारी खूण चिकटते आणि गट पाडताना "असा कॉलम नाही" अशी एरर येते. रकान्यांत देवनागरी आकडे किंवा १,२५० असा स्वल्पविराम असेल तर अ‍ॅज.न्यूमेरिक त्यांचं एनए करतं. स्वल्पविरामासाठी रीडआर पॅकेजमधलं पार्स_नंबर आहे, देवनागरी आकडे आधी इंग्रजीत बदलून घ्यावे लागतात. चार्टआर फंक्शनला दहा आकड्यांच्या दोन ओळी दिल्या की एका फटक्यात होतं.

प्रश्न : महिन्यानुसार गट केला तर तक्त्यात एप्रिलनंतर थेट ऑगस्ट येतो.
— एक वाचक, मनमाड

उत्तर : महिन्याची इंग्रजी नावं मजकूर म्हणून आहेत, म्हणून ती वर्णमालेने लागतात. फॅक्टर करून लेव्हल्समध्ये हवा तो क्रम द्या. कांद्याच्या कामाला जूनपासून सुरुवात केलेली सोयीची. पण त्याआधी बघा की फाइलमध्ये एकाहून जास्त वर्षं आहेत का. असतील तर नुसत्या महिन्याचा गट २०२३ चा जून आणि २०२४ चा जून एकत्र करून टाकतो. लुब्रिडेट पॅकेजमधलं डीएमवाय वापरून तारीख खरी तारीख करून घ्या, मग फ्लोअर_डेट(तारीख, "मंथ") ने गट पाडा. क्रम आपोआप बरोबर लागतो आणि वर्षंही वेगळी राहतात.